छत्तीसच्या खाली

भुलीच्या चार्टवर तापमानाचा एक रकाना असतो. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन यांच्या खाली, पानाच्या जवळजवळ तळाशी. रेकॉर्ड रूममधून आमच्या हॉस्पिटलचे जुने चार्ट काढून चाळले, तेव्हा नाडी-रक्तदाबाच्या खुणा दर पाच मिनिटांनी नेटक्या मांडलेल्या दिसल्या आणि तापमानाचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा. काही चार्टवर नुसती आडवी रेघ. काहींवर पहिल्या मिनिटापासून शेवटच्या टाक्यापर्यंत ३७. तीन तासांच्या ऑपरेशनमध्ये कुणाचंही तापमान ३७ वर खिळून राहत नाही, हे तो आकडा लिहिणाऱ्यालाही ठाऊक असणार. त्या मानाने कोरा रकाना मला प्रामाणिक वाटला.

तापमान बघायचं ते ताप आहे का हे कळायला, हा आपला पिढ्यानपिढ्यांचा शिरस्ता. वॉर्डातही तेच. सर्जन राउंडला येतात, सिस्टर ‘ताप नाही सर’ म्हणतात, केसपेपरवर ‘एफेब्राइल’ लिहिलं जातं आणि राउंड पुढच्या खाटेकडे सरकतो. पेशंट गार पडलाय का, असं राउंडवर कुणी विचारलेलं मी क्वचितच ऐकलं आहे. साध्या काचेच्या थर्मामीटरची पट्टीसुद्धा ३५ अंशांच्या आसपासच सुरू होते. त्याखाली कुणी उतरेल हे बनवणाऱ्याने धरलेलंच नाही. त्यात वॉर्डातला चार्ट फॅरनहाइटचा आणि ओटीतला, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला, मॉनिटर सेल्सिअसचा. वॉर्डातून ९६.४ लिहून आलेला पेशंट आमच्या हिशेबाने आधीच ३६ च्या खाली आहे, हे गणित सकाळच्या लिस्टच्या गडबडीत कोण करत बसणार?

३६ चा आकडा महत्त्वाचा एवढ्यासाठी, की शरीराच्या गाभ्याचं तापमान त्याखाली गेलं की ऑपरेशनच्या काळातला हायपोथर्मिया म्हणायचा, असा सर्वमान्य संकेत आहे. बर्फात अडकलेल्या गिर्यारोहकाचा हायपोथर्मिया वेगळा. हा एक-दीड अंशाचा, गाजावाजा न करणारा. भूल दिली की कातडीकडच्या आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि माजघरातली ऊब पडवीत पसरावी तशी गाभ्यातली उष्णता हातापायांकडे जाते. शरीराने तोवर फारसं काही गमावलेलं नसतं, उष्णतेने फक्त जागा बदललेली असते. पहिल्या तासात एक ते दीड अंश असाच उतरतो. त्यानंतर खरी गळती सुरू होते. एसीची हवा, उघडं पोट, बेटाडीन आणि स्पिरिट सुकताना ओढून नेतं ती ऊब, आणि नसेतून जाणारं खोलीच्या तापमानाचं सलाईन. असं एक लिटर सलाईन मोठ्या माणसाच्या शरीराचं तापमान सुमारे पाव अंशाने खाली आणतं. फ्रीजमधून काढून तशीच लावलेली रक्ताची एक पिशवीही साधारण तेवढंच. जागा माणूस अशा वेळी कुडकुडतो, अंग चोरतो, पांघरूण ओढून घेतो. भुलीखाली यातलं काहीच होत नाही.

स्पायनल भुलीची तऱ्हा आणखी न्यारी. कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडल्याने पाय गरम झाल्यासारखे वाटतात. “काका, गार वाटतंय का?” विचारलं तर “नाही नाही, झ्याक आहे” असं उत्तर येतं, आणि गाभा मात्र खाली चाललेला असतो. मग रिकव्हरीत नेल्यावर काका ट्रॉलीसकट थडथडायला लागतात. कुणीतरी ट्रामाडॉल भरतं, थरथर थांबते, पेशंट वॉर्डात जातो. थरथर थांबली याचा अर्थ माणूस गरम झाला असं नाही, पण तोवर पुढची केस टेबलवर आलेली असते.

याने बिघडतं काय, असं विचारणाऱ्यांना पूर्वी मी १९९६ चा अभ्यास सांगत असे. अँड्रिया कुर्झ, डॅनियल सेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो अभ्यास मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० पेशंटांवर केलेला होता. गार पडू दिलेल्यांत जखमेचा जंतुसंसर्ग १९ टक्के, उबदार राखलेल्यांत ६ टक्के. शिवाय गार पडलेले हॉस्पिटलात जास्त दिवस राहिले. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा सौम्य हायपोथर्मियातही रक्तस्राव सुमारे १६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. व्हेक्युरोनियमसारख्या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा असर दोन अंशांच्या घसरणीत दुपटीहून जास्त लांबतो. हे शेवटचं भूलतज्ज्ञाला कुणी शिकवावं लागत नाही; पेशंट उठायला वेळ लावतो आणि सगळी ओटी आपल्याकडे बघत उभी राहते, तेव्हा ते आपोआप कळतं.

मग २०२२ साली लॅन्सेटमध्ये सेस्लर यांच्याच चमूचा मोठा अभ्यास आला. पाच हजारांवर पेशंट, त्यातले बहुतेक चीनमधले. एका गटाला ३७ च्या आसपास ठेवलं, दुसऱ्याला ३५.५ च्या. हृदयाची इजा, संसर्ग, कशातही ठळक फरक निघाला नाही. आमचे एक सर्जन तो लेख फोनमध्ये घेऊन आठवडाभर हिंडत होते. “मॅडम, तुमची ती गरम हवेची ब्लँकेटं आता काढा.” मला त्या लेखाचा राग आला नाही. ज्याने आयुष्य या विषयात घालवलं त्यानेच आपलं जुनं म्हणणं पुन्हा तपासावं, याचं अप्रूपच वाटलं. सर्जनना मी एवढंच म्हटलं, की त्या अभ्यासात ३५.५ च्या गटालाही सतत मोजून, गरज पडली तर ऊब देऊन तिथे धरून ठेवलं होतं. आपला पेशंट ३५.५ वर आहे की ३४ वर, हे तुम्हाला माहीत आहे का? मलाही नाही. त्या दिवशी मॉनिटरला तापमानाचा प्रोब लावलेला नव्हता. तो मॉनिटरबरोबर आला होता, एकदा दुरुस्तीला गेला आणि परतलाच नाही. ओटीत होती ती कोरोनाच्या काळात घेतलेली कपाळाला दाखवायची बंदूक. ती कपाळाची कातडी मोजते. एसीखाली झोपलेल्या माणसाच्या कपाळावरून त्याच्या गाभ्यात काय चाललंय, हे तिला काय कळणार!

एखादी गोष्ट व्हायला हवी आणि होत नाही, म्हटलं की आपल्याकडे पहिलं काय होतं? व्याख्यान. हॉल, प्रोजेक्टर, वडा-सांबार. आम्हीही ठेवलं. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २००८ ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवली: भुलीआधी तापमान बघा, ऑपरेशन चालू असताना दर अर्ध्या तासाला बघा, अर्ध्या तासाहून लांबणाऱ्या केसला वॉर्मरने गरम हवा सोडलेलं ब्लँकेट लावा, अर्धा लिटर किंवा जास्त द्रव द्यायचा तर ३७ अंशांना गरम करून द्या, पेशंट उघडा आहे तोवर खोली किमान २१ अंश ठेवा. सगळ्यांनी माना हलवल्या. शेवटच्या चाचणीत सगळे पास. दुसऱ्या दिवशी रकाना कोरा.

तेव्हा माझ्या मनात आलं, की पेशंटचं तापमान मोजण्याआधी आपल्यालाच मोजायला हवं. आम्हाला अडवतंय काय?

असं मोजायची रीत आहे. वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी माणसं एखादी गोष्ट का करत नाहीत याच्या विखुरलेल्या सिद्धान्तांची २००५ साली एक चौकट बांधली. तेव्हा तिच्यात १२ खण होते, २०१२ च्या सुधारणेत १४ झाले. ज्ञान आणि कौशल्य हे त्यातले दोनच. बाकीच्यांत हे आपलं काम आहे असं माणसाला वाटतं का, त्याने काही फरक पडेल यावर विश्वास आहे का, ऐन वेळी आठवतं का, साधनं आणि परिस्थिती साथ देते का, आजूबाजूचे काय म्हणतील, भीती वाटते का, अशा गोष्टी येतात. ऑस्ट्रेलियातल्या परिचारिका-संशोधकांनी पेशंट उबदार ठेवण्याच्या बाबतीत या दिशेने बरंच काम केलं आहे. मी ती चौकट घेतली आणि प्रश्न आमचे घातले. आमच्या ओटीला शोभतील असे, मराठीत, सिस्टर, ब्रदर, टेक्निशियन, मामा, मावशी, रेसिडेंट आणि सर्जन सगळ्यांना भरता येतील असे.

प्रश्न करणं सोपं वाटतं. एक विधान लिहायचं, पुढे पाच चौकटी: पूर्ण असहमतपासून पूर्ण सहमतपर्यंत. रेन्सिस लिकर्ट नावाच्या माणसाने १९३२ साली ही पद्धत मांडली आणि तेव्हापासून जग चौकटींत खुणा करतंय. माझ्या पहिल्या कच्च्या मसुद्यात एक विधान होतं, ‘वॉर्मर उपलब्ध असतो आणि वेळेवर लावता येतो.’ इन्चार्ज सिस्टर पेन खाली ठेवून म्हणाल्या, “मॅडम, पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही. खूण कुठे करू?” दोन विधानं केली. वॉर्मर उपलब्ध असतो, याला सगळ्यांनी पूर्ण सहमती दिली. वेळेवर लावता येतो, याला कुणीच नाही. त्या दोन ओळींच्या मधल्या फटीत नेमकं काय आहे, हे मात्र कागदावर कुठेच आलं नाही. ते मला टेक्निशियनने सांगितलं, फॉर्म गोळा करून झाल्यावर, चहा पिताना.

“प्लगच नाही ना मॅडम.”

टेबलच्या डोक्याकडच्या बोर्डावर भुलीचं मशीन, मॉनिटर आणि सिरिंज पंप. पायाकडच्या बोर्डावर कॉटरी आणि सक्शन. हाडांच्या केसला क्ष-किरणांचा सी-आर्म येतो, तो एक अख्खा पॉइंट खातो. वॉर्मरची वायर भिंतीपर्यंत पोचत नाही आणि एक्स्टेन्शन बोर्ड ओटीत आणायला इलेक्ट्रिकल तपासणीनंतर बंदी. म्हणून वॉर्मर कोपऱ्यात, त्यावर हिरवं कापड, कापडावर ग्लोव्ह्जची खोकी. प्रश्नावलीच्या भाषेत हे ‘परिस्थिती आणि साधनं’ या खणात मोडतं. पण मी जन्मभर खणांचा अभ्यास केला असता तरी प्लगचा प्रश्न मला सुचला नसता.

तेव्हापासून मी फॉर्मच्या आधी बघायला सुरुवात केली. घड्याळ घेऊन कोपऱ्यात उभी राहायचे. ओटीत रिकाम्या हाताने उभा असलेला डॉक्टर सगळ्यांना अस्वस्थ करतो, म्हणून हातात एक पॅड धरायचे.

खुब्याचं हाड मोडलेल्या एका आजींची केस लक्षात राहिली. पहाटे वॉर्डात आंघोळ घातलेली, केस ओलसर, रात्रीपासून पोटात काही नाही, अंगात मागून नाड्या बांधायचा पातळ गाऊन. आधीची केस लांबली, म्हणून आजी ओटीबाहेरच्या पॅसेजमध्ये ट्रॉलीवर. पॅसेजलाही एसी. सून बाहेरच्या दाराशी शाल हातात घेऊन उभी. बाहेरचं कापड आत न्यायचं नाही हा नियम तिला सांगितलेला. आजी दर थोड्या वेळाने जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हणायच्या, “बाळा, माझी शाल.” मी मामांना म्हटलं, “मामा, आजींना अजून एक चादर द्या की.”

“देतो मॅडम. पण लिननमधून हिशेबाने येतात. पेशंटमागे दोन. तिसरी दिली की संध्याकाळच्या मोजणीत मला विचारतात.”

तरी त्यांनी कुठून तरी आणून दिली. पुढे टेबलवर घेतल्यावर तीही काढावी लागली. स्पायनलसाठी कुशीवर वळवलं, तेव्हा पाठ उघडी. मग कॅथेटर. मग पोझिशन, मग सी-आर्मने एकदा बघून घेणं, मग पायापासून कमरेपर्यंत बेटाडीन. सर्जन स्क्रब करून येईपर्यंत आजी जवळजवळ संपूर्ण उघड्या. यात कुणीही आळशीपणा केला नाही. प्रत्येक जण आपलं काम झटपट आणि नीट करत होता. आजींना झाकणं हे त्यातल्या कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं, एवढंच. ड्रेप टाकले गेले तेव्हा त्या झाकल्या गेल्या, पण ते झाकणं निर्जंतुकपणासाठी.

आता हीच ओटी, हाच एसी, हीच माणसं घ्या आणि टेबलवर महिन्याचं बाळ ठेवा. मूल आत येण्याआधीच कुणीतरी एसी बंद करतं. मावशी कापसाचा रोल उलगडून ठेवतात, हातपाय कापसात गुंडाळले जातात, सलाईनची बाटली गरम पाण्यातून काढलेली असते, आणि एरवी ‘अठरा करा, अठरा करा’ म्हणणारे सर्जन घाम पुसत निमूट उभे राहतात. व्याख्यान लागत नाही, फॉर्म लागत नाही. बाळ गार पडतं हे सगळ्यांच्या हाडीमाशी आहे, आणि ते गार पडू न देणं हे सगळ्यांचं काम आहे. सत्तरीच्या बाईच्या बाबतीत यातलं काहीच लागू होत नाही. उत्तरं चाळताना मला सारखा हा फरक दिसत होता. आमच्याकडे ज्ञान आहे, कौशल्य आहे, साधनंही बऱ्यापैकी आहेत. मोठ्या माणसाची ऊब मात्र बेवारस आहे. सर्जनना वाटतं ती भूलवाल्यांची, आम्हाला वाटतं सिस्टरांची, सिस्टर म्हणतात ऑर्डर लिहा, लावतो. ‘पेशंटचं तापमान राखणं ही माझी जबाबदारी आहे’ या विधानापुढे बहुतेकांनी मधली चौकट निवडली. ना सहमत, ना असहमत. नोकरीत टिकून राहण्यासाठी मधल्या चौकटीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही.

एसीबद्दल सर्जनांची बाजूही खरी आहे. आमच्यासारखे ते नुसत्या स्क्रब सूटमध्ये नसतात. वर गाऊन, मास्क, दोन ग्लोव्ह्ज, डोक्यावर दिवा, हाडांच्या केसला आत शिशाचा एप्रन. घामाचा थेंब जखमेत पडण्याची भीती खोटी नाही. हॉस्पिटलांचं मूल्यांकन करणाऱ्या एनएबीएचच्या मार्गदर्शनात ओटीसाठी २१ अंश, इकडेतिकडे तीन, अशी मुभा आहे. सांधेरोपणाच्या ओटीला त्याहून गार चालतं. म्हणजे सर्जनने अठरा मागितलं तर ते नियमात बसतं. तेव्हा खोली गरम करण्यासाठी भांडण्यात अर्थ नाही. भांडायचंच तर ड्रेपखालच्या गरम हवेसाठी भांडावं, कारण ती सर्जनला लागत नाही आणि पेशंटला लागते.

फॉर्म निनावी होते. हा तर विनोदच झाला. मोठ्या शहरातल्या हजार खाटांच्या हॉस्पिटलात निनावी म्हणजे निनावी. आमच्याकडे ‘पद: भूलतज्ज्ञ, लिंग: स्त्री, अनुभव: दहा वर्षांहून अधिक’ एवढ्या खुणा केल्या की नाव लिहायची गरजच नाही. ते रकाने काढून टाकले. संख्याशास्त्र शिकवणारे सर म्हणाले, मग गटागटांची तुलना करता येणार नाही. नाही तर नाही. सिस्टरनी सर्जनबद्दलच्या विधानापुढे खरी खूण करावी हे मला तुलनेपेक्षा जास्त हवं होतं.

तरीही ड्यूटी रूममध्ये एक जण विधान मोठ्याने वाचतेय आणि बाकीच्या एकदम खुणा करताहेत, असं दृश्य मी पाहिलं. क्रॉनबाक यांनी १९५१ साली मांडलेला अल्फा नावाचा आकडा एकाच गोष्टीविषयीचे प्रश्न एकमेकांशी कितपत जुळतात ते सांगतो, ०.७ च्या वर गेला की संशोधक खूश. आमचा आकडा उत्तम आला असता यात शंका नाही. सगळ्यांनी मिळून परीक्षा लिहिली की पेपर जुळतातच. मी ते फॉर्म बाजूला ठेवले आणि पुढच्या वेळी केस संपल्यावर, त्याच केसबद्दल, एकेकाला भरायला दिले. ‘सर्वसाधारणपणे तुम्ही काय करता’ असं विचारलं की माणूस आपल्या आदर्श रूपाबद्दल लिहितो. ‘आत्ताच्या केसमध्ये पहिलं तापमान कधी घेतलं’ असं विचारलं की पेन थबकतं.

विधानं योग्य आहेत का, हे तज्ज्ञांकडून तपासून घ्यायची पद्धत असते. प्रत्येक विधानाला ते गुण देतात, कमी गुणांचं विधान गळतं. मी काही प्राध्यापकांना आणि वरिष्ठ मेट्रनना मसुदा पाठवला. मामांनी दिलेलं चादरींच्या हिशेबाचं विधान जवळजवळ सगळ्यांनी ‘असंबद्ध’ ठरवलं. एकाने शेजारी लिहिलं होतं, ही प्रशासकीय बाब आहे. मी ते विधान ठेवलं. पद्धतीला धरून नाही, हे मान्य. पण ट्रॉली ढकलणाऱ्याला जे दिसतं ते प्राध्यापकाच्या खुर्चीवरून दिसत नसेल, तर ते वगळणाऱ्या पद्धतीवर माझा विश्वास कमीच.

भीतीचा खण मी आधी काढूनच टाकणार होते. पेशंटला ब्लँकेट घालायची भीती कुणाला वाटणार? पण आमच्या एका अनुभवी ब्रदरने तिथे ठळक खूण केली. नंतर त्यांनी सांगितलं, की बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका हॉस्पिटलात लहान मुलाच्या कुशीला गरम केलेल्या सलाईनच्या बाटल्या लावल्या होत्या. ऑपरेशन संपून ड्रेप काढले तेव्हा कुशीला फोड आलेले. भुलीखालचं मूल भाजलं तरी अंग मागे घेत नाही. तेव्हापासून गरम म्हटलं की त्यांचा हात आखडतो. त्यांना तापमानाचं ज्ञान द्यायला गेलेला माणूस मूर्ख ठरला असता. त्यांना दाखवायला हवं होतं ते वेगळंच. वॉर्मरची हवा किती अंशांवर बेतलेली असते, तिची नळी ब्लँकेटला जोडूनच का वापरायची, आणि ब्लँकेट संपलं म्हणून ती थेट चादरीखाली सरकवली तर त्यांची भीती कशी खरी ठरते, हे. शेवटचा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. ब्लँकेट एकदाच वापरायचं असतं, फाटेपर्यंत पुरवलं जातं, आणि फाटलं की नळी उरते.

ब्लँकेट पैशाशी येऊन थांबतं. सरकारी योजनेतल्या ऑपरेशनचा दर आधीच ठरलेला; त्यात ब्लँकेट घालायचं तर ते हॉस्पिटलच्या खिशातून. रोख पेशंटच्या बिलात लावलं तर नातेवाईक विचारतात, ब्लँकेट घरी न्यायचं का? प्रश्न रास्त आहे. जखमेत पू झाल्यावरचे ड्रेसिंगचे दिवस आणि बुडालेली मजुरी बिलात दिसत नाही, हे त्यांना समजावत बसायला वेळ नसतो.

काही गोष्टी सुधारल्या, त्याही बिनखर्चाच्या. आजींच्या सुनेच्या हातातली शाल आता पॅसेजच्या आतल्या दारापर्यंत येते आणि टेबलवर घेताना परत जाते. चादरींचा हिशेब इन्चार्ज सिस्टरनी लिननवाल्यांशी भांडून सैल करून घेतला. पॅसेजमधला एसी थांबलेल्या पेशंटसाठी बंद असतो, म्हणजे मामा तो बंद करतात. नवा प्रोब आला. कानात घालायचा एक चांगला थर्मामीटर आला, जागे असणाऱ्या स्पायनलच्या पेशंटांसाठी, कारण त्यांच्या घशात प्रोब घालता येत नाही. चार्टच्या रकान्यात आता आकडे दिसतात, एकसारखे नसलेले, ३५.४, ३५.८, कधी ३६.१. ते पाहून रेसिडेंट अस्वस्थ होतात. पूर्वी होत नव्हते.

प्लगसाठी इलेक्ट्रिशियन चार वेळा येऊन भिंत बघून गेला. पाचव्यांदा त्याने बोर्ड बसवला, डोक्याच्या बाजूला, वायर पोचेल असा. वॉर्मरवरची ग्लोव्ह्जची खोकी हलली. आठवडाभर प्रत्येक मोठ्या केसला गरम हवा लागली आणि ब्लँकेटं संपली. मी स्टोअरला इंडेंट पाठवला. तो काल परत आलाय, लाल शाईत शेरा मारून: ‘मागील सहा महिन्यांचा खप दाखवावा.’ मागचे सहा महिने प्लग नव्हता, म्हणून वॉर्मर नव्हता, म्हणून खप शून्य. इन्चार्ज सिस्टर म्हणतात शून्यच लिहून पाठवू आणि खाली कारण जोडू. मी म्हणते, शून्याखालचं कारण कोण वाचतं? प्रश्नावलीच्या पुढच्या मसुद्यात स्टोअरच्या साहेबांनाही एक प्रत द्यायची, यावर मात्र आमचं एकमत झालं आहे.